सिलिकॉनचे घड्याळ-पट्टे, ८४ जोड्या: फाइल तयार करण्यापासून रंग भरेपर्यंतच्या नोंदी

२२ एप्रिल २०२५

काम ठरले: सिलिकॉनच्या घड्याळ-पट्ट्यांवर लेझरने नावे कोरायची. शेतकरी उत्पादक कंपनी खरिपाच्या आधी ८४ सभासदांना साधी डिजिटल घड्याळे देणार आहे. पट्टे २० मिमीचे, बकलवाले, काळे, गडद निळे आणि ऑलिव्ह. आखूड भागावर पऱ्हाटीचे (कपाशीचे) बोंड आणि खाली ‘वऱ्हाड’, लांब भागावर सभासदाचे नाव. लांब भागाच्या आतल्या बाजूला रक्तगट, घरच्यांचा फोन नंबर आणि १०८. फवारणी करताना कोणाला भोवळ आली, तर पट्टा उलटा केला की माहिती हाताशी असावी, हा हेतू. त्यामुळे आतला मजकूर शोभेचा नाही. तो बिनचूक आणि वाचता येण्याजोगा हवा.

मशीन ६० वॉटचे सीओ-टू लेझर, काचेची ट्यूब, ६०० बाय ४०० मिमीचा बेड, रुइडा कंट्रोलर (मशीन चालवणारे सर्किट), २ इंची लेन्स. चित्रे इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये काढायची, मशीनला पाठवायला लाइटबर्न हे दुसरे सॉफ्टवेअर. सिलिकॉनला सीओ-टूच बरे: १०.६ मायक्रॉनचा किरण ते चांगले शोषते. निळ्या डायोड लेझरवर काळा पट्टा कसाबसा होतो, पांढऱ्यावर जवळजवळ काहीच उमटत नाही.

२३ एप्रिल

नागपूरहून १०० जोड्या आल्या. फाइलला हात लावण्याआधी माल तपासला. पाकिटावर सिलिकॉन लिहिले म्हणून आत सिलिकॉनच असेल असे नाही.

प्रत्येक रंगाच्या प्रत्येक पाकिटातून एका पट्ट्याच्या टोकाची २ मिमीची चिरोटी कापली, चिमट्यात धरून जाळली. सिलिकॉन जळताना पांढरा धूर देते, थेंब गाळत नाही आणि मागे पांढरी राख ठेवते. काळे आणि निळे असेच जळाले. ऑलिव्हच्या एका पाकिटातले १२ मात्र वितळून काळे थेंब गाळू लागले. त्यांची दुसरी चाचणी तांब्याच्या तारेने केली. तार लाल तापवली, पट्ट्याला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी लेझरखाली गेले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसाला वाईट आणि मशीनचे रेल, बेअरिंग, आरशाचे धारक काही दिवसांत गंजवतो. १२ परत. बाकी ८८, म्हणजे सुटे फक्त ४ उरले. चुकायला जागा कमी आहे.

आणखी एक लक्षात ठेवायचे: गिऱ्हाईक स्वतःचा पट्टा घेऊन आले तर आधी विचारावे. ॲपलचा स्पोर्ट बँड दिसायला सिलिकॉनसारखा, पण तो फ्लुओरोइलास्टोमर आहे. तो जळाला की हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो. असे पट्टे घ्यायचे नाहीत.

२४ एप्रिल

मापे. व्हर्नियरचे जबडे सिलिकॉनला दाबतात आणि माप अर्धा मिमी कमी येते. म्हणून पट्टे झेरॉक्सवाल्याच्या स्कॅनरवर पालथे ठेवले, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केले. या स्कॅनवर १ मिमी म्हणजे २३.६ पिक्सेल. पट्टीच्या खुणांवरून मोजमाप पक्के केले आणि त्यावर बाह्यरेषा काढली.

लांब भाग: १२० मिमी. घड्याळाकडे रुंदी २० मिमी, टोकाकडे १८. घड्याळाच्या टोकापासून पहिले भोक ५२ मिमीवर. सुरुवातीचे १० मिमी सोडायचे, कारण तिथे पट्टा जाड होतो आणि वाकतो. भोकाच्या आधी ४ मिमी सोडायचे. नावाला उरले ३८ मिमी. कडेपासून ३-३ मिमी सोडले की उंचीला १३ मिमी.

आखूड भाग: ८० मिमी. इथे बरेच जण फसतात. घड्याळ हातात घातले की लांब भागाचे शेपूट बकलमधून येऊन आखूड भागावर पडते आणि कडीत अडकते. म्हणजे बकलकडचा अर्धा भाग झाकला जातो. मधोमध चित्र टाकले तर घातल्यावर अर्धे बोंड दिसेल. मनगटावर घालून पाहिले: घड्याळाकडून १० ते ३८ मिमी एवढीच जागा कायम उघडी राहते. बोंड तिथेच.

२५ एप्रिल

कंपनीचे चिन्ह आले. फोनवर फोटो म्हणून पाठवलेले, ४०० पिक्सेलचे, कडा धुरकट. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ सांगितल्यावर थोडे बरे आले. सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस केले तर बोंडाच्या एका पाकळीवर शेकडो नोड (रेषेला वळण देणारे बिंदू), कडा कुरतडल्यासारखी. असल्या कडेवर लेझर थरथरत जातो. सिम्प्लिफाय करून नोड कमी करत बसण्यापेक्षा वर पेन टूलने नवे काढले: चार फुटलेल्या पाकळ्या, खाली तीन पानांचे देठ, एकूण ६४ नोड. अर्ध्या तासाचे काम आणि रेषा स्वच्छ.

पाकळ्यांच्या मधली फट चिन्हात होती ०.१५ मिमी. आमचा किरणाचा ठिपकाच साधारण तेवढा. कोरताना फट नाहीशी होऊन पांढरा गोळा दिसला असता. नियम ठेवला: कोणतीही रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको, कोणतीही फट ०.४ पेक्षा अरुंद नको. फट रेघेपेक्षा जास्त ठेवायची, कारण कडेचे सिलिकॉन थोडे जास्तच जळते आणि फटीत राख बसते.

फ्लेक्सवाल्याकडून ‘वऱ्हाड’ हा शब्द कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये आला. उघडल्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांची खिचडी. जुना, युनिकोडपूर्व फाँट आणि तो आपल्या संगणकावर नाही. फ्लेक्सवाल्यांना दरवेळी एकच वाक्य सांगावे: सगळे निवडून कंट्रोल-क्यू करा, कर्व्ह करून (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून) पीडीएफ द्या. यावेळी पुन्हा मागवण्याऐवजी शब्द आम्हीच टाइप केला.

टाइप करतानाही एक खड्डा आहे. साधा र, हलन्त आणि ह असे दाबले की ‘वर्हाड’ होते, रफार ह वर जाऊन बसतो. ‘वऱ्हाड’ला नुक्तावाला ऱ लागतो, मग हलन्त, मग ह. तेव्हाच र ची ती आडवी चंद्रकोर येते. ‘पऱ्हाटी’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्या’ सगळीकडे तेच. गावाकडच्या पट्ट्यावर ‘वर्हाड’ कोरले तर लोक घड्याळ बघायच्या आधी तेच बघतील.

२६ एप्रिल

फाँट. चार पाहिले. देवनागरीत अक्षराची उंची फसवी असते. शिरोरेषेपासून पायापर्यंत ५ मिमी धरले, तर वर वेलांटी-मात्रा-अनुस्वाराला साधारण २ ते २.५ आणि खाली उकार-ऋकाराला २ लागतात. म्हणजे ५ मिमीचे अक्षर पट्ट्यावर ९-साडेनऊ मिमी घेते. १३ मिमीत हे बसते. ६ मिमी केले तर कडेच्या गोलाईवर रफार चढतो.

टिरो देवनागरी मराठी दिसायला सर्वात देखणा, ल आणि श थेट मराठी वळणाचे. पण बारीक रेषा ५ मिमी उंचीला ०.२ च्या खाली जातात. मुक्ता सेमी-बोल्डमध्ये सगळ्यात बारीक जागा ०.५५ मिमी भरली. बालू २ आणखी जाड, पण त्यात ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’च्या आतली पोकळी भरून येईल असे वाटले. मुक्ता ठरला. मुक्ता आणि बालू दोन्ही मुक्त परवान्याचे, व्यावसायिक कामाला अडचण नाही.

लांब नावे: ‘ज्ञानेश्वर’ ५ मिमीत ३१ मिमी लांब, बसते. ३८ च्या पुढे जाणारी ६ नावे निघाली. ती आडवी दाबायची नाहीत. दाबली की उभे काने बारीक होतात आणि शिरोरेषा तशीच जाड राहते, अक्षर आजारी दिसते. संपूर्ण नाव सारख्या प्रमाणात ४.४ मिमीपर्यंत लहान केले. त्याहून लहान करायचे नाही.

आतल्या बाजूचे आकडे इंग्रजी ठेवले. मराठीत १ आणि ९ यांत फरक एका शेपटीचा असतो. ३ मिमी उंचीत घाम-माती बसली की ती शेपूट जाते. फोन नंबर पाच-पाच आकडे तोडून. रक्तगटही इंग्रजी अक्षरांत, कारण दवाखान्यात तसाच वाचायची सवय असते. अधिक-उणेची खूण ठेवली नाही: ३ मिमीच्या अक्षराशेजारची वजाबाकीची रेघ म्हणजे एक ओरखडा, आणि अधिकची उभी रेघ भरून गेली तर गट उलटा वाचला जाईल. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची इंग्रजी पहिली तीन-तीन अक्षरे टाकली.

२८ एप्रिल

पहिला नमुना, टोक कापलेल्या पट्ट्यावर. शब्द ‘तुळशीराम’. स्क्रीनवर उत्तम. पट्ट्यावर शिरोरेषा सहा ठिकाणी ब्लेडने कापल्यासारखी. त ला ळ भेटतो तिथे, ळ ला श, श ला वेलांटीचा काना, मग र, मग त्याचा काना, मग म. प्रत्येक सांध्यावर पाव मिमीची न कोरलेली उभी फट. त चा उकार जिथे चिकटतो तिथेही एक बारीक डोळा.

कारण मशीनमध्ये नाही, फाइलमध्ये आहे. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि सांधा दिसू नये म्हणून ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. टेक्स्टचा पाथ (नुसत्या बाह्यरेषा) झाला की ही अक्षरे सुटी आणि एकमेकांवर चढलेली. काळ्यावर काळे, म्हणून स्क्रीनवर कळत नाही. पण लाइटबर्न भरण करताना दोन बंद आकार एकमेकांवर आले की मधला भाग पोकळ धरतो. ‘व’च्या आतली पोकळी रिकामी राहते ती याच नियमाने. नियम तोच, आपल्या शिरोरेषेला तो बाधतो. प्रत्येक आकार स्वतंत्र भरायला सांगितला तर फट जाते, पण सांध्यावर किरण दोनदा फिरतो आणि तिथे दुप्पट खोल खड्डा पडतो. रंग भरला की तो ठिपक्यासारखा दिसतो.

उपाय इंकस्केपमध्येच: टेक्स्ट निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी, म्हणजे पाथ. ग्रुप सोडायचा. सगळी अक्षरे निवडून युनियन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार. मग दृश्य आउटलाइनवर टाकून शिरोरेषा डोळ्याने चाळायची: डावीकडून उजवीकडे एकच अखंड कड दिसली पाहिजे, मध्ये एकही उभी रेघ नको. अनुस्वार आणि नुक्ता सुटे राहतात, ते बरोबर. युनियननंतर स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून टेक्स्टवाली मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची. मूळ फाइलच्या नावाला ‘जिवंत’ आणि पाथवालीला ‘कोर’ अशी शेपटी लावली.

‘प्रल्हाद’, ‘ज्ञानेश्वर’, ‘वऱ्हाड’ पुन्हा कोरले. अखंड.

२९ एप्रिल

जिगचे, म्हणजे पट्टे बसवायच्या साच्याचे, आरेखन. जुन्या कामाची फाइल उघडून रुंदी बदलायची होती. कापल्यावर २० मिमीचा खाचा १८.७५ चा निघाला. फाइल इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्तीतली. तेव्हा इंचाला ९० पिक्सेल धरत, आता ९६. ९० भागिले ९६ म्हणजे ०.९३७५, आणि २० गुणिले तेवढे म्हणजे १८.७५. एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) एक तुकडा वाया.

आता प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिमीचा चौकोन वेगळ्या, न कोरायच्या लेयरवर. लाइटबर्नमध्ये आल्यावर आधी तो मोजायचा. ५० आला तर पुढे. ४६.८८ आला तर हाच जुना आजार, ३७.५ आला तर इंचाला ७२ पिक्सेल की ९६ हा गोंधळ. डीएक्सएफ (आरेखनाची आणखी एका प्रकारची फाइल) २५.४ पट फुगून किंवा आकसून आली तर इंच-मिमीची चूक.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. दुकान बंद.

२ मे

नवा जिग: ३ मिमी एमडीएफ, सहा खाचे, पट्टे आडवे, म्हणजे मशीनच्या एक्स दिशेला. दिशा महत्त्वाची. नाव ३८ बाय ९ मिमी, ओळींमधले अंतर ०.१. आडवे ठेवले तर ९० ओळी, प्रत्येक ३८ मिमी. उभे ठेवले तर ३८० ओळी, प्रत्येक ९ मिमी. लेझरच्या डोक्याला दर ओळीच्या शेवटी थांबून वळायला वेळ लागतो, तेव्हा उभ्या मांडणीत वेळ जवळपास तिप्पट होतो.

पहिल्या जिगमध्ये खाचा नेमका २० मिमी ठेवला होता. पट्टा दाबून बसवावा लागे आणि मधोमध अर्धा मिमीने फुगून वर येई. खाचा २०.४ ते १८.४ असा निमुळता केला. घड्याळाकडच्या पिनच्या भोकात १.५ मिमीची तार आणि दुसऱ्या टोकाला शेवटच्या भोकात खिळा. या दोन खुंट्यांतले अंतर पट्टा सैल असतानाचेच हवे. आधी १०८ ठेवले होते, सैल माप १०४. ताणलेल्या पट्ट्यावर ३८ मिमीचे नाव कोरले आणि सोडल्यावर ते साडेछत्तीसवर आले. वाचता येत होते, पण पहिल्या भोकापासूनचे अंतर प्रत्येक पट्ट्यावर वेगळे.

घड्याळाकडचे टोक ३.५ मिमी जाड, शेपूट २.२. नाव जिथे येते तिथे २.६. फोकस तिथेच लावला. २ इंची लेन्सला मिमीभर इकडे-तिकडे चालते.

३ मे

सेटिंगची जाळी: वेग २००, ३००, ४०० मिमी प्रति सेकंद, पॉवर १२, १५, १८, २२, २६ टक्के. एका वाया गेलेल्या पट्ट्यावर १५ चौकोन आणि प्रत्येकाशेजारी ‘श्री’ हे अक्षर. नुसते चौकोन पाहून सेटिंग ठरवू नये. चौकोन चांगला येतो तिथे ‘श्री’ची गाठ भरलेली असू शकते.

१२ टक्क्यांवर ट्यूब अधूनमधून पेट घेत नाही, ओळी तुटक. २०० वर २६ टक्के म्हणजे कडा फाटल्या, अर्ध्या मिमीहून खोल. ३०० वर १८ टक्के: खोली ०.१५. ३०० वर २२: ०.२, कड स्वच्छ. आतल्या बाजूला १८, बाहेर २२ ठरले. बाहेर जास्त खोली रंगासाठी.

कोरल्याबरोबर काळ्या पट्ट्यावर अक्षर पांढरेशुभ्र दिसते. ती सिलिका आहे, सिलिकॉन जळून उरलेली राख. कंपनीचे सेक्रेटरी आले होते. त्यांना ते फार आवडले: “भाऊ, हे पांढरं असंच राहू द्या ना, झकास दिसते.” ओल्या बोटाने पुसून दाखवले. अक्षर काळ्यावर काळे झाले, तिरप्या उजेडातच दिसणारे. मग रंग भरायचे ठरले.

ही राख बारीक असते. एक्झॉस्ट चालू, तोंडाला एन-९५, आणि पट्टे मशीनच्या आत झटकायचे नाहीत. साबणाचे पाणी आणि मऊ टूथब्रश, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. लेन्सवरही तिचा पांढरट थर बसतो. दर २० पट्ट्यांनंतर लेन्स पुसायची. थर राहिला तर तो किरण शोषतो, लेन्स तापते आणि तडकते.

५ मे

उभ्या कान्यांच्या कडा करवतीसारख्या. ३०० च्या वेगाला जाणारी आणि येणारी ओळ ०.२ मिमीने सरकलेली. जाता-येता कोरताना हे व्हायचेच. डिव्हाइस सेटिंगमधल्या स्कॅनिंग ऑफसेटच्या तक्त्यात ३०० च्या रांगेत मोजलेल्या फरकाचा अर्धा, ०.१, टाकला. डोके ओढणारा मशीनचा बेल्टही थोडा सैल होता, तो घट्ट केला. कडा सरळ.

६ मे

नावांची यादी. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकूर-फाइलमध्ये) जतन केली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे. लिबरऑफिसमधून युटीएफ-८ (मराठी अक्षरे टिकवणारा प्रकार) निवडून जतन केली. फोनचा रकाना अरुंद असल्याने तीन नंबर ‘९.८ ई’ अशा थाटात गेले होते. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच नंबर भरायचे.

इंकस्केपचे नेक्स्टजनरेटर हे विस्तारसाधन यादीतल्या प्रत्येक ओळीतून एक फाइल काढते. ८४ फाइल निघाल्या. मग त्या सगळ्यांवर पाथ करणे आणि युनियन. आउटलाइन दृश्यात ८४ ही डोळ्याखालून घातल्या. दोन नावांत युनियननंतर ‘ं’ गायब: अनुस्वार वेलांटीला टेकल्यामुळे तिच्यातच विरघळला होता. ०.४ मिमी वर सरकवला.

फाइलचा छापील गठ्ठा कंपनीकडे पाठवला. प्रत्येक सभासदाने आपले नाव, गट आणि नंबर पाहून सही करायची. ५ दुरुस्त्या आल्या. त्यांतली एक रक्तगटाची. मूळ यादीतच चूक होती.

९ मे

काम सुरू. दिवस तापलेले, दुपारी ४४ अंश. लेझरची ट्यूब थंड ठेवणाऱ्या पाण्याचा आमचा कूलर सीडब्ल्यू-३०००, म्हणजे पंखा आणि रेडिएटर. तो पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. सकाळी साडेपाचला पाणी २७, साडेनऊला ३१, अकराला ३४. पाणी तापले की ट्यूबची खरी ताकद घटते. तोच २२ टक्के, तेच नाव: सकाळी खोली ०.२, अकरा वाजता ०.१६. हातात घेतल्यावर कळत नाही, पण त्यात रंग टिकत नाही. साडेपाच ते साडेनऊ एवढेच काम करायचे ठरले. उशीर झालाच तर २ किलो बर्फाच्या बाटल्या ३० लिटरच्या टाकीत. ३४ वरून २७ वर येते, पण तासभरच.

लाईट जाण्याचा प्रश्न फाइलच्या मांडणीने सोडवला. सहा पट्टे एका लेयरवर ‘सगळे एकदम भरा’ केले तर डोके सगळ्यांवरून ओळीओळीने जाते आणि मध्येच लाईट गेली की अर्धवट पट्टे एकाहून जास्त. प्रत्येक पट्ट्याचा मजकूर एक ग्रुप, भरण ग्रुपनुसार, क्रमही ग्रुपनुसार. एक पूर्ण झाल्यावरच दुसरा सुरू. आज दोनदा लाईट गेली, नुकसान एका पट्ट्याचे. सुट्यांतला १ गेला, ३ उरले.

जिगवर खाच्यांना १ ते ६ आकडे कोरून ठेवलेत आणि फाइलच्या नावातही खाच्याचा आकडा आहे. नाव एकाचे, आतला नंबर दुसऱ्याचा, असे होऊ द्यायचे नाही. बाहेरची बाजू झाली की पट्टा त्याच खाच्यात उलटायचा. उलटल्यावर निमुळतेपणा तसाच राहतो, पण खुंट्यांमुळे डोके-शेपूट बदलता येत नाही. आतल्या मजकुराची फाइल आरशातली करायची नाही, नुसती १८० अंश फिरवायची की नाही एवढेच एकदा कागदावर कोरून पाहायचे.

१० ते १२ मे

रोज ३० च्या आसपास, ८४ पूर्ण. बाहेरचा मजकूर एका पट्ट्याला ३५ सेकंद, आतला २५. वेळ जातो तो बसवण्यात. एक पट्टा खाच्यातून अर्धा उचलला गेला होता, नाव तिरके. सुट्यांतला दुसरा. २ उरले.

१३ मे

रंग. ॲक्रिलिक रंग आधीच बाद: सिलिकॉनला काही धरत नाही, एका दिवसात नखाने सोलून निघाला. मास्किंग टेपही चिकटत नाही. सिलिकॉनला सिलिकॉनच धरते. हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा सिलिकॉन सीलंट, व्हिनेगरसारखा वास येणारा, टर्पेंटाइनमध्ये १० ला २ असा पातळ केला. एकावेळी १० मिनिटांत संपेल एवढाच.

धुतलेल्या, पूर्ण कोरड्या पट्ट्यावर लावायचा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ४५ अंशात एकदा ओढायचा. पृष्ठभागावर जी धूसर साय राहते ती लगेच पुसावी लागते. नंतर तीही तिथे चिकटते. फडके लाकडी ठोकळ्यावर ताणून गुंडाळले आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओले केले. मोकळ्या फडक्याचा बोळा अक्षरात शिरतो आणि रंग उपसून काढतो. ०.२ खोलीत रंग राहिला. अकरा वाजता कोरलेल्या ०.१६ खोलीच्या नमुन्यातून पुसताना निघून आला.

१४ मे

रंग अजून चिकट. हा सीलंट हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि इथे मे महिन्यात हवेत ओलावा नावालाच. ट्यूबवरचे ‘२४ तास’ कोरड्या वऱ्हाडाला लागू नाहीत. पट्टे वाळ्याच्या कूलरसमोरच्या खोलीत दोरीवर टांगले. रात्रीत पक्के. उन्हात वाळवले असते तर आणखी वेळ लागला असता.

१६ मे

तपासणी. प्रत्येक पट्टा २० वेळा वाकवला, ताणला, साबणाने घासला. ३ पट्ट्यांत ‘श्री’च्या गाठीतला रंग उडाला. तिथे राख राहिली होती, ब्रश गाठीत पोचला नव्हता. लाकडी टूथपिकने खरवडून पुन्हा भरला. आतले नंबर दोघांनी मिळून यादीशी ताडले, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पट्टा पाहायचा. ८४ बरोबर.

रंगाचा व्हिनेगरसारखा वास जायला पट्टे दोन दिवस उघडे ठेवायचे. वास येत असताना मनगटाला लावायला देऊ नयेत.

१९ मे

८४ जोड्या आणि कोरे २ दिले. ‘जिवंत’ फाइली आणि जिगचे आरेखन कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये. नवे सभासद झाले की यादीत ओळ घालून तिथूनच पुढे. ऑलिव्ह पट्टे बदलून आलेले नाहीत.